झिया अल-अझ्झावी : अरब वारसा आणि चित्रकाराची जबाबदारी

अरब वारशापासून प्रेरणा घेणारा चित्रकार म्हटला की वळणदार अक्षरे, भौमितिक नक्षी आणि सोनेरी रंग एवढेच बहुतेकांच्या नजरेसमोर येते. इराकी चित्रकार झिया अल-अझ्झावी (जन्म : बगदाद, १९३९) यांची कला ही समजूत तपासून पाहावयास लावते.

अझ्झावी यांनी १९६२ मध्ये बगदाद विद्यापीठातून पुरातत्त्वशास्त्राची पदवी घेतली व १९६४ मध्ये तेथीलच ललितकला संस्थेतील शिक्षण पूर्ण केले. १९७६ मध्ये लंडनला जाईपर्यंत ते इराकच्या पुरातत्त्व खात्यात होते. त्यामुळे सुमेरी मूर्तींचे विस्फारलेले डोळे त्यांच्या चित्रांत उसन्या अलंकारासारखे येत नाहीत. रोजच्या अभ्यासातून ओळखीच्या झालेल्या वस्तूंसारखे येतात.

शब्द आणि चित्र यांचे नाते हा त्यांच्या कलेचा दुसरा आधार होय. अल-वासिती याने १२३७ मध्ये हरीरीच्या ‘मकामात’चे हस्तलिखित चित्रांनी सजविले. ग्रंथ आणि चित्र एकत्र नांदण्याची ही परंपरा अझ्झावी यांनी आधुनिक काळात पुढे नेली. प्राचीन अरबी काव्यातील सात ‘मुअल्लकात’वर त्यांनी १९७८ मध्ये मुद्राचित्रांचा संच केला. पुढे हाताने घडविलेली चित्रपुस्तके, म्हणजे ‘दफातिर’, त्यांच्या कामाचा महत्त्वाचा भाग बनली. मात्र त्यांच्या काही चित्रांत अक्षर वाचण्यासाठी न राहता केवळ आकार म्हणून उरते. तेथे कविता मागे पडते आणि शोभा पुढे येते. ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

प्रदर्शन-संयोजक म्हणूनही त्यांचे कार्य मोलाचे आहे. १९७७ ते १९८० या काळात लंडनच्या इराकी सांस्कृतिक केंद्राचे कलासल्लागार या नात्याने त्यांनी प्रदर्शने भरविली. ‘उर’ या नियतकालिकाचे संपादनही केले. वारसा म्हणजे केवळ जुन्या वस्तू नव्हेत. समकालीन कलावंतांचे काम नोंदवून ठेवणे हेही वारशाचेच जतन आहे, असे या कार्यातून दिसते.

या दृष्टीची खरी कसोटी ‘साब्रा व शातिला हत्याकांड’ (१९८२-८३) या चित्रात लागली. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूत येथे पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली, हा त्याचा विषय. सुमारे तीन मीटर उंच व साडेसात मीटर रुंद असे हे चित्र साध्या बॉलपेनने व मेणखडूने कागदावर काढलेले आहे. आता ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात नक्षी नाही की सुलेखनही नाही. आहेत ती फुटलेली घरे आणि विखुरलेली शरीरे. तरीही उद्ध्वस्त वस्तीतील एकेक अवशेष नोंदविणारी पुरातत्त्वज्ञाची शिस्त त्यात जाणवते.

एप्रिल २००३ मध्ये बगदादचे इराक संग्रहालय लुटले गेले. त्यानंतर अझ्झावी यांच्या या भूमिकेचे गांभीर्य अधिकच स्पष्ट होते. वारसा हा मिरवण्याचा दागिना नसून साक्ष देण्याची जबाबदारी आहे. वर्गात अरब कलेचा परिचय करून देताना सुंदर अक्षरांबरोबर हे चित्रही विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तरच तो परिचय पुरा होईल.