तळाला तळहात

अंदलुसियाचा यात्रेकरू इब्न जुबैर 1183 मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात आला. प्रवाशांना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखं कोंबणाऱ्या होडीवाल्यांवर तो भलताच चिडला, पण होड्या मात्र त्याने डोळे भरून पाहिल्या. त्यांत खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या. शिवण झाली की होडीला तूप, एरंडेल नाहीतर शार्कचं तेल. आणि या तिघांत शार्कचं सरस, असा निवाडाही तो देऊन टाकतो.

मला या चार ओळींत सगळ्यांत प्रिय आहे ते क्रियापद. तेल लावतात, फासतात असं तो म्हणत नाही. त्याचा अरबी शब्द पाणी पाजण्याचा आहे. आपणही कुऱ्हाडीच्या दांड्याला, नव्या चपलेला तेल पाजतोच. हे पाजणं कशासाठी, तेही तो सांगतो: त्या समुद्रात प्रवाळाचे खडक फार, म्हणून लाकूड मऊ, लवचीक राहावं. खडकावर घासली तरी होडी तडकू नये, म्हणून तिला हे अभ्यंग.

पण पाजलेलं तेल पाण्याखालच्या भागाला पुरत नाही. तिथे शेवाळ, तळाला चिकटून बसणारे बार्नेकल आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा वाट पाहत असतात. (नावात किडा असला तरी तो शिंपल्याच्या कुळातला.) अरबी समुद्रातल्या कारागिरांचं त्यावरचं उत्तर म्हणजे जनावराची चरबी आणि चुना. बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या नवव्या शतकातल्या जहाजाच्या नमुन्यावरून ओमानमध्ये ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे 18 मीटर लांबीचं शिवलेलं जहाज बांधलं, तेव्हा त्याच्या तळालाही बोकडाची चरबी आणि चुना यांचाच लेप दिला. ते 16 फेब्रुवारी 2010 रोजी मस्कतहून निघालं आणि 3 जुलैला सिंगापूरला पोचलं.

या लेपाची खुबी ओळखायला प्रयोगशाळा नको. विहिरीच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर धरतो, तो कितीही पाणी ओतलं तरी जात नाही. तो कॅल्शियमचा साबण. चरबी आणि चुना एकत्र आले की थोडाफार तोच तयार होतो. अंगाचा साबण पाण्यात विरघळतो, हा विरघळत नाही. नुसती चरबी ऊन पाण्यात ढिली पडेल, नुसता चुना भुगा होऊन गळेल. दोघांनी मिळून मात्र फळीवर एक मऊ, अभंग कातडी धरते. जहाजकिड्याचं पिल्लू डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढंच असतं, पण त्यालाही शिरायला उघडं लाकूड लागतं. बार्नेकलला सिमेंट धरायला टणक जागा हवी असते. इथे पायाखालची जमीनच मऊ.

मारून टाकण्यापेक्षा बस्तानच बसू न देण्याचं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. विसाव्या शतकात ट्रायब्युटिल टिनचे विषारी रंग आले, तळ लखलखीत राहिले, आणि फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने 1982 मध्ये लहान होड्यांवर ते रंग बंद केले. त्यांवर बंदी घालणारा जगभराचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. आज बार्नेकल घट्ट चिकटूच नये म्हणून सिलिकॉनचे मऊ, निसरडे लेप मिळतात. छोट्या होड्यांचे हौशी मालक पंख्याला मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन चोपडतात, कुणी तान्ह्या बाळाच्या पुरळावरचं झिंक ऑक्साइडचं मलम. फायबरच्या अख्ख्या तळाला वर्षभर हे पुरणार नाही, हे खरं. पण त्या हातांची ओढ मी ओळखतो.

चरबीचा लेप झिजतो, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. याला मी उणीव म्हणणार नाही. ब्रश फळीवरून नुसताच सरकतो, पण तळहात शिवणीवरून जाताना कुठे काथ्या सैल झालाय, कुठे फळी भुसभुशीत लागतेय, ते बोटांना कळतं. ओहोटीला होडी वाळूवर कलंडलेली असते. लेप अजून कोमट असतो, वास उग्र. एक कूस झाली की तिला पलटवायचं, आणि भरती चढायच्या आत दुसरी.