नाव गावात, माणूस फडात

देवणीकरांनो, कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तात्पुरतं घर सोडलं म्हणून कुणाचा रहिवास संपत नाही. म्हणजे ऊसतोडीला गेलेल्याचं नाव आपल्या यादीत कायम. पण मत?

लातूर लोकसभेचं मतदान 7 मे 2024 ला झालं, तेव्हा बहुतेक तोडकरी परतलेले होते. विधानसभेचं 20 नोव्हेंबरला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. तारखेवर अवलंबून असलेल्या हक्काला आपण समान हक्क कसं म्हणायचं?

सैनिकाला टपाली मत आहे, निवडणुकीच्या ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला आहे, 85 च्या पुढच्या वृद्धांना घरबसल्या आहे. ते योग्यच. मग पोटासाठी दूर गेलेल्याला का नाही?

कुणी म्हणेल, फडातली मतपत्रिका मुकादमाच्या हाती जाईल. शंका खरी आहे. उचल घेतलेला माणूस मोकळा नसतो. म्हणूनच टपालापेक्षा कारखान्याजवळ गुप्त मतदानाचं केंद्र बरं. एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान घेण्याची कल्पना आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये मांडली होती. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, विषय मागं पडला. आक्षेपांना उत्तरं शोधू या, पण तोडकऱ्याचा प्रश्न सोडून देता येणार नाही.