नक्कल आणि नजर

‘नक्कल’ या शब्दास आपल्याकडे जो दुर्लौकिक चिकटला आहे, तो चित्रकलेपुरता तरी न्याय्य नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबल याने १८२३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, क्लोद लोरँच्या एका निसर्गचित्राची नक्कल केली. ‘हे वेन’ हे त्याचे विख्यात चित्र त्यापूर्वी दोन वर्षे पुरे झालेले होते. तेव्हा नक्कल करणे हे काही केवळ नवशिक्याचे काम नव्हे.

याच ‘हे वेन’ची नक्कल आमच्या सोलापुरातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस दाखविली. तीबरोबर दुसरा एक लहानसा कॅनव्हास होता: चैत्रातील भर दुपारचा सिद्धेश्वर तलाव. पहिल्या चित्राची आम्ही मनसोक्त वाखाणणी केली. दुसरे ‘रंग फिके आहेत’ एवढे बोलून बाजूस ठेविले. त्यानंतर त्याने तलाव काढला नाही. आज त्याच्या खोलीत इंग्लंडातील तीन ओढे टांगलेले आहेत. या दोषाचा वाटा आमचा आहे, म्हणून हा विचार.

नक्कल काय शिकविते? ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच तेलात हे रंग कालविलेले असतात. ते सावकाश वाळतात. म्हणून खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा ठेवावा लागतो, नाही तर पुढे चित्रास भेगा पडतात. सावली पातळ, उजेड जाड, हाही एक जुना संकेत. हे हाताचे शिक्षण नक्कल उत्तम देते. परंतु मूळ चित्र सुमारे सहा फूट रुंद, आणि आमच्या विद्यार्थ्यासमोर होता वीतभर छापील कागद! त्यावर रंगाची जाडी दिसत नाही. म्हणून त्याचे ढग आकाराने बिनचूक, पण कापसासारखे निर्जीव उतरले आहेत.

उलट तलावाच्या चित्रात किल्ल्याचा तट थोडा कलला आहे, हे खरे. तथापि पाण्याचा आणि आकाशाचा रंग उन्हाने जवळजवळ एक झाला आहे, हे त्याने स्वतः पाहिले होते. ज्यास आम्ही फिकेपणा म्हटले, तो सोलापूरचा उन्हाळा होता! आम्हांस तो ओळखता आला नाही, कारण न पाहिलेल्या ओढ्यांवरील इंग्रजी कविता शिकविण्यात आमची हयात गेली.

आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकले आणि कोल्हापुरास परतून कोटितीर्थाचा परिसर रंगवीत राहिले. शिक्षण बाहेरचे, नजर घरची, हा क्रम आपल्या प्रांतात नवा नाही. नक्कल जरूर करावी. मात्र तिच्यावर शिकलेला हात त्याच आठवड्यात तलावाच्या काठी नेऊन बसवावा.

येत्या रविवारी आम्ही त्या विद्यार्थ्याकडे जाऊन तो लहान कॅनव्हास पुन्हा पाहावयास मागणार आहोत. त्यावर त्याने चौथा ओढा रंगविला नसला म्हणजे मिळविली.