मोजपट्टी कोणाची?

कंपन्यांचे अहवाल वाङ्मय म्हणून सहसा कोणी वाचत नाही. शेल या तेलकंपनीचा एप्रिल २०१९चा अहवाल मी तसा वाचला. कंपनी सदस्य असलेल्या १९ उद्योगसंघटना हवामानधोरणाबाबत काय भूमिका घेतात, याची ही तपासणी; गुंतवणूकदारांच्या रेट्यातून झालेली. ‘अमेरिकन फ्युएल अँड पेट्रोकेमिकल मॅन्युफॅक्चरर्स’ ही संघटना पॅरिस कराराच्या उद्दिष्टाला पाठिंबा देत नाही, म्हणून शेलने तिचे सदस्यत्व पुढे न चालवण्याचे ठरवले. आणखी नऊ संघटनांशी ‘काही विसंगती’ आढळली. तेथे ती राहिली.

तेलउद्योगात असे पाऊल दुर्मीळ होते, हे मान्यच. पण खरी मेख निकषांत आहे. पॅरिस करार, कार्बनची किंमत आणि धोरणचौकट यांच्या पंगतीला चौथा निकष बसतो : नैसर्गिक वायूचे स्थान. शेल स्वतः वायू विकते. म्हणजे वायूची तरफदारी करणारी संघटना या निकषावर उत्तीर्ण! मोजपट्टी विज्ञानाची नाही, कंपनीच्याच धोरणाची आहे. अहवालाची संयत भाषा हे झाकते.

आपल्याकडे सेबीच्या ‘बीआरएसआर’ नमुन्यात पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना प्रमुख दहा संघटनांची नावे द्यावी लागतात. कोणत्या धोरणाचा आग्रह धरला, हे सांगणे मात्र ऐच्छिक. शेल निदान भूमिकेपर्यंत पोहोचली, आपली सक्ती नावांपाशी थांबते. कंपनी कुठे सदस्य आहे ते भागधारकाला कळते. तिथे त्याच्या पैशावर काय मागितले गेले, ते कळत नाही.