चंद्रावरचा भला माणूस

हरिशंकर परसाईंची ‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’ ही कथा मी सध्या मराठीत आणते आहे. परसाई जबलपूरचे, नेपियर टाउनमध्ये राहिले, इथूनच त्यांनी 1956मध्ये ‘वसुधा’ मासिक सुरू केलं. मीही याच गावात राहते, त्यामुळे काम सोपं जाईल असं वाटलं होतं. पण एका भल्या माणसापाशी अडले.

कथा अनेकांच्या वाचनातली असेल. चंद्रावरच्या पोलिसांना तपास शिकवायला भारतातून मातादीन जातो. तिथे मारामारीत एक जण मरतो. त्याला उचलून इस्पितळात नेणाऱ्याच्या कपड्यांना रक्त लागलेलं असतं. मातादीनला तेवढं पुरतं. साक्षीदार तयार केले जातात, मदत करणारा खुनी ठरतो. पुढे चंद्रावर मरणाऱ्याच्या जवळ कुणी जाईनासं होतं.

या मदत करणाऱ्याला मराठीत काय म्हणावं? ‘सज्जन’ कीर्तनातला वाटतो, ‘परोपकारी’ शाळेच्या पुस्तकातला. ‘भला माणूस’ लिहिलं आणि थबकले. ‘अरे भल्या माणसा’ असं आपण कुणाला म्हणतो? ज्यानं नसता उपद्व्याप करून ठेवलाय त्याला. मातादीन पोचण्याआधीच आपल्या भाषेनं त्याचा निकाल लावलेला! शब्द तसाच ठेवला.

शहरात माणूस कोरडा का होतो, याचं एक उत्तर गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं 1903च्या निबंधात दिलं होतं: महानगरात मनावर सतत इतकं काही आदळतं, की माणूस स्वतःला जपायला बेफिकिरीचं कवच चढवतो. एम.ए.ला असताना हे वाचून मला बरं वाटलं होतं. दोष कुणाचाच नाही, गर्दीचा. परसाई ही सोय ठेवत नाहीत. त्यांच्या चंद्रावर गर्दी वाढत नाही, माणसं तीच असतात. फक्त एका भल्या माणसाला शिक्षा होते, आणि ती सगळ्यांनी पाहिलेली असते. मग शेवटी मुलगाही आजारी बापाची सेवा करत नाही; बाप दगावला तर आळ आपल्यावर येईल म्हणून. तोवर मी हसत हसत अनुवाद करत होते. परका माणूस आणि घरचा माणूस यांतली रेघ परसाई इतक्या सहज पुसतात की कळतही नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. सगळा दोष खाकीवर गेल्यामुळे वाचक मोकळा सुटतो. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलं. सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर कारवाई नाही, नाव सांगायची सक्ती नाही. कागदावर तरी मातादीन हरलेला आहे. मागच्या पावसाळ्यात मदनमहालच्या रस्त्यावर एक स्कूटरवाला घसरून पडला. मला कलम पाठ होतं. गाडी हळू केली, दोघं जण उभे दिसले, ‘बघतायत ते’ असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेले. भीती मुळीच वाटली नव्हती. गर्दीही नव्हती. उशीर होत होता, इतकंच.

अनुवाद पुढच्या महिन्यात द्यायचाय. ‘भला माणूस’शेजारी संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय, मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.