नरसिंहाचा घसा

लग्नाच्या माहितीपत्रकात 'छंद' या शब्दापुढे 'वाचन' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मुलाला खरा नाद कबुतरांचा असला तरी लिहायचं वाचनच. माझं लग्न होऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा माझ्या छंदाबद्दल खरं बोलायला आता हरकत नाही. मला ऐकण्याचा छंद आहे. रेडिओ, भजन, कीर्तन, शेजारच्या वाटणीचा वाद, जे कानावर पडेल ते मी मन लावून ऐकतो. सध्या मी एक इंग्रजी आल्बम ऐकतो आहे. त्याचं नाव मात्र 'दशावतार'.

मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन नावाच्या मंडळींनी तो २०१७ साली काढला. बँड २००० सालचा. २०१० साली लंडनला एक मोठं बक्षीस मिळवून आलेला. ही मंडळी वाजवतात त्याला मेटल म्हणतात. मेटलमध्ये जेवढ्या पोटजाती आहेत तेवढ्या आपल्याकडे सोयरीक जुळवतानासुद्धा कोणी पाहत नाही. डेथ निराळं, ब्लॅक निराळं, सिंफनिक निराळं, आणि या सगळ्यांकडे जरा नाक वर करून पाहणारं ते प्रोग्रेसिव्ह. माझ्या पुतण्याचा जीव या शेवटच्यावर. त्यात ताल मध्येच सातात जातो, मध्येच पाचात, आणि ऐकणाऱ्याने बोटं मोजत बसायचं असतं. सात मात्रांचा रूपक आपल्याकडे तबला शिकणारं पोरही वाजवतं असं मी म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला. 'दशावतार' हे प्रोग्रेसिव्हचं सख्खं नव्हे, चुलत घराणं. पण सुरुवात त्याने तिथूनच करून दिली. म्हणाला, "काका, याच्यातल्या गोष्टी तरी तुमाले माहीत हायेत."

दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक नावापुढे इंग्रजीत ओळख दिली आहे. राम म्हणजे राजपुत्र, कृष्ण म्हणजे गुराखी, कल्की म्हणजे घाणीचा संहार करणारा. हा शेवटचा अवतार नाल्या तुंबलेल्या गावांना जरा लवकर मिळाला तर बरं.

आवाजाचं म्हणाल तर कापसाच्या हंगामात ज्याने जिनिंगशेजारी एक रात्र काढली आहे, त्या वऱ्हाडी माणसाला या ड्रमची भीती वाटायचं कारण नाही. ड्रमवाला दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी चालवतो. घाबरवतो तो गायक. साहिल मखिजा त्याचं नाव. अधूनमधून तो सरळ गळ्यानेही गातो, पण मुख्य काम घशाच्या तळातून काढलेल्या गुरगुरीचं. शब्द इंग्रजी आहेत असं म्हणतात. हेडफोनमधून थोडं बाहेर ऐकू आलं तेव्हा आमच्या घरातून विचारणा झाली, "अहो, कोणाला बरं नाहीये का?"

या मखिजाने स्वतःला टोपणनाव घेतलं आहे डिमनस्टीलर, म्हणजे राक्षस चोरणारा. मला कोकणातल्या दशावतारी खेळातला संकासुर आठवला. काळ्या वेशातला हा संकासुर वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो. तिथे व्यवस्था साधी आहे. आरडाओरडा राक्षसाने करायचा. देवाने येऊन काम उरकायचं. या आल्बममध्ये देवच राक्षसाच्या आवाजात येतात. पहिल्यांदा मला हे खटकलं. नरसिंहापाशी येईपर्यंत खटकत होतं.

नरसिंहाची गोष्ट काय आहे हो? तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, एका बापाला मांडीवर आडवा घेऊन नखांनी त्याचं पोट फाडलं. मुलगा समोर उभा. ही गोष्ट आपण पोरांना रात्री झोपताना सांगतो आणि वर म्हणतो, आता झोप. कॅलेंडरवाल्यांनी त्या सिंहाला गुलाबी गाल दिले, आयाळ विंचरून दिली, आणि आपण त्याला हात जोडून महिना उलटवायला लागलो. या गाण्यात आयाळ विंचरलेली नाही. आमच्या भजनी मंडळातले एक गुरुजी आहेत, त्यांना मी ते ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "शब्द एक नाही समजला. पन खांब फुटला, येवढं समजलं बाप्पा."

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तसा मोठा आवाज नवा नाही. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याला, लोणार पार दुसऱ्या टोकाला. तिथे विष्णूने लवणासुराला मारलं म्हणतात, आणि दैत्यसूदनाचं देऊळ त्याची साक्ष म्हणून उभं आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, उल्का पडली आणि जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं. दोन्ही हकिकतींत आवाज दणकून झाला असणार. अवतार म्हणजे आकाशातून काहीतरी कोसळणं, ही भीती आपल्या भक्तीतून पार निघून गेली होती. ती या पोरांनी परत आणून दिली. नरसिंह, वराह आणि परशुराम यांच्यासाठी मी हा आल्बम कोणालाही ऐकायला सांगेन.

वामनासाठी सांगणार नाही. वामनाची सगळी गंमत हळू बोलण्यात. एवढासा बटू, तीन पावलं जमीन मागतो. तो जर पहिल्यापासूनच गुरगुरला असता तर बळीने दारातच ओळखला असता. शिवाय आमच्या बायका दिवाळीत राज्य मागतात ते बळीचं, वामनाचं नव्हे. कृष्णाचंही तेच. गुराख्याने असा आवाज काढला तर सोनाळ्याच्या गाई डोंगर ओलांडून मध्य प्रदेशात जातील. दहा जणांना एकच घसा दिला की सिंह आणि गुराखी यांत फरक राहतो तो फक्त नावाचा.

नवव्या गाण्यावर बुद्ध आहे, 'टीचर' म्हणून. ही जागा महाराष्ट्रात इतकी सोपी नाही. जुन्या पंचांगांवरच्या चित्रांत नववा म्हणून विठोबा उभा असायचा. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला डॉ. आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. माझे एक मित्र ती प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरातले. गाण्यांची यादी पाहून ते एवढंच म्हणाले, "नऊच ठेवाची होती न. दहा कायले पाहिजेत?" मला त्यांचं पटलं. स्वतःला आसुरी म्हणवून घेण्याचं धाडस ज्यांनी केलं, त्यांनी यादी मात्र कॅलेंडरवरून जशीच्या तशी उतरवून घेतली. कॅलेंडरशी भांडण एका सिंहापुरतंच ठेवलं.

मखिजाचा दुसरा छंद स्वयंपाकाचा. 'हेडबँगर्स किचन' नावाचा त्याचा कार्यक्रम आहे, आणि पुढे त्यात कीटो पद्धतीचे पदार्थ आले. कीटो म्हणजे लोणी, चीज खुशाल खा, पोळी-भाताला हात लावू नका. रोडग्यांच्या मुलखात हा धर्म रुजायचा नाही, पण माणसाबद्दल मला आदर वाटतो. आपल्याकडे पुरुषाला स्वयंपाकाचा छंद असतो म्हणजे तो वर्षातून एकदा मिसळ करतो आणि भांडी दोन दिवस घासावी लागतात. याने दोन्ही छंद नेटाने केले. फक्त फोडणीत मोहरी तडतडल्यावरच जिरं टाकायचं असतं, हे स्वयंपाकघरातलं ज्ञान त्याने संगीतातही थोडं वापरलं असतं तर वामनाचं बरं झालं असतं.

पुतण्याने आता अमेरिकेतल्या ड्रीम थिएटरची पाळी आणली आहे. हे अस्सल प्रोग्रेसिव्ह. त्यांचं १९९५ सालचं एक गाणं तेवीस मिनिटांचं आहे, आणि ते मला झेपेल की नाही याची त्याला काळजी वाटते. म्हटलं, लाव. आमच्याकडे तेवीस मिनिटांत बुवांचा तंबोरा लागतो.