पदवीस्तरावरील गुन्हेगारीशास्त्र आणि वनजिल्ह्यांचा अनुभव : एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्राला स्वतंत्र स्थान उशिरा व मोजक्याच ठिकाणी लाभले. सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये या विषयाचा विभाग सुरू केला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो समाजकार्याच्या व सुधारसेवांच्या अंगाने विकसित झाला. विदर्भातील कला शाखेच्या विद्यार्थ्याची मात्र या शास्त्राशी भेट होते ती बहुधा समाजशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेतून किंवा सामाजिक समस्यांवरील प्रकरणातून. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळे झाले. स्थानिक वास्तवाशी जोडलेले उच्चशिक्षण ही अशा विद्यापीठाकडून स्वाभाविक अपेक्षा आहे. या अपेक्षेच्या संदर्भात पदवीस्तरावरील गुन्हेगारीशास्त्राच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रचलित मांडणीचे स्वरूप

या विषयाच्या पाठ्यपुस्तकांचा क्रम साधारणतः ठरलेला असतो. प्रथम व्याख्या, नंतर बेकारियाचा १७६४ मधील ग्रंथ, लोम्ब्रोसोचा १८७६ मधील जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत, सदरलँडचा विभेदक साहचर्याचा सिद्धांत, मर्टनची १९३८ मधील प्रमाणकशून्यतेची उपपत्ती आणि शेवटी शिक्षेचे प्रकार. या क्रमाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : माणूस गुन्हा का करतो? प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्याही आधी येणारा प्रश्न, म्हणजे एखादे कृत्य गुन्हा कसे ठरते व ते सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला जातो, हा या मांडणीत दुर्लक्षित राहतो. वस्तुतः सदरलँडने या शास्त्राच्या कक्षेत कायदा करणे, कायदा मोडणे आणि त्यावरील समाजाची प्रतिक्रिया या तिन्ही प्रक्रिया अंतर्भूत केल्या होत्या. आपण त्यांपैकी मधली प्रक्रिया तेवढी सविस्तर शिकवितो.

या उणिवेचे एक उदाहरण लक्षणीय आहे. जन्मजात गुन्हेगाराच्या कल्पनेचे खंडन पाठ्यपुस्तके न चुकता करतात. पण लोम्ब्रोसोच्या ग्रंथापूर्वी पाच वर्षे, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून विशिष्ट समूहांत जन्म घेणे हेच संशयाचे कारण ठरविले होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जे शास्त्रात नंतर मांडले गेले ते आपल्याकडे कायद्यात आधीच आले होते, हा संबंध विद्यार्थ्यापुढे आला तरच लोम्ब्रोसो इटलीपुरता उरत नाही.

वन आणि अपराध

भारतीय वन अधिनियम, १९२७ हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यासाठी गुन्हेगारीशास्त्राचा पहिला पाठ ठरावा. या अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनातील अनेक नित्याच्या कृती, उदाहरणार्थ गुरे चारणे, झाड तोडणे, वनोपज काढून नेणे, परवानगीवाचून केल्यास अपराध ठरतात. कलम २ मधील झाडाच्या व्याख्येत २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत बांबूचाही समावेश होता. कलम ६९ तर असे सांगते की, या अधिनियमाखालील कार्यवाहीत वनोपज शासनाच्या मालकीचे आहे किंवा कसे असा प्रश्न निर्माण झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते शासनाचेच मानले जाईल. म्हणजेच पुराव्याचा भार ज्याच्या हाती कागद नाही त्याच्यावर येतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. निस्ताराच्या सवलतीपलीकडे बांबू तोडणारा गावकरी ज्या जंगलात कालपर्यंत अपराधी ठरू शकत होता, त्याच जंगलात ग्रामसभा आता बांबूची विक्री करू लागली. येथे व्यक्तीचा स्वभाव, संगत वा दारिद्र्य यांपैकी काहीही बदलले नव्हते. बदलली ती कायद्याची व्याख्या. कोणतीही व्यक्तिकेंद्री उपपत्ती या बदलाचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही.

दारूबंदी आणि आकडेवारी

दुसरे उदाहरण दारूबंदीचे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. वैनगंगा ही या दोन जिल्ह्यांमधील बऱ्याच लांबीची सीमा आहे. त्यामुळे एकाच नदीच्या एका तीरावर जी विक्री परवानाधारक व्यवसाय होती, तीच दुसऱ्या तीरावर अपराध होती. मध्यंतरी सहा वर्षे ती दोन्ही तीरांवर अपराध ठरली.

दारूबंदी लागू होताच तिच्या उल्लंघनाचे गुन्हे नोंदीत येणार आणि ती उठताच कमी होणार, हे उघड आहे. अशा वाढीवरून समाज अधिक गुन्हेगार झाला असे अनुमान काढता येत नाही. गुन्ह्यांची आकडेवारी लोकांच्या वर्तनाइतकीच यंत्रणेच्या कार्याचीही नोंद असते, हे पदवीच्या विद्यार्थ्यास याहून सोप्या रीतीने समजावून देता येणार नाही. मात्र त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, दोन्ही जिल्ह्यांतील दारूबंदीमागे लोकांची, विशेषतः स्त्रियांची, दीर्घ मागणी होती. दारूने घरात होणारी हानी त्यांना ठाऊक होती. तेव्हा कायदा वरूनच लादला जातो, हे सूत्रही येथे अपुरे पडते.

देसाईगंज प्रकरण

वनाच्या उदाहरणात कायद्याचा अतिरेक दिसतो, तर देसाईगंजच्या प्रकरणात त्याची उणीव दिसते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार दोन पोलिसांविरुद्ध होती. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये, भीतीपोटी शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद करून त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १५ सप्टेंबर १९७८ रोजी तो निर्णय फिरविला. अंगावर इजेच्या खुणा नसणे हे प्रतिकार न झाल्याचे गमक मानले गेले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्री-संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४-अ आले : कोठडीतील बलात्कारासारख्या प्रकरणांत संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितल्यास न्यायालय तसे गृहीत धरील. १ जुलै २०२४ पासून हेच तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलमही याच दुरुस्तीने दंडसंहितेत आले. ज्या मुलीमुळे हे संरक्षण इतरांना मिळाले, तिचेच नाव प्रकरणाचे नाव म्हणून सर्वत्र छापले जाते. प्रस्तुत लेखात ते हेतुतः टाळले आहे.

येथे वन अधिनियमाचे कलम ६९ पुन्हा आठवावे. बांबूच्या बाबतीत शासनाच्या बाजूचे गृहीतक १९२७ च्या कायद्यात होते. पोलीस ठाण्यातील स्त्रीच्या बाजूचे गृहीतक कायद्यात येण्यास १९८३ साल उजाडले. दोन्ही गोष्टी याच वनप्रदेशाशी निगडित आहेत. कायदा कोणाचे म्हणणे आधी खरे मानतो, हा या शास्त्राचा कळीचा प्रश्न या दोन कलमांच्या तुलनेतून जितका स्पष्ट होतो, तितका सिद्धांतांच्या यादीतून होत नाही.

अध्यापनाच्या दिशा

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, स्थानिक उदाहरणांच्या आग्रहाने विद्यार्थी सिद्धांतास पारखा होईल व स्पर्धापरीक्षांत मागे पडेल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु येथे सिद्धांत वगळण्याची सूचना नाही, क्रम बदलण्याची आहे. देसाईगंज प्रकरणातील तिन्ही न्यायालयांची भूमिका मराठी सारांशाच्या आधारे वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचावी. त्यानंतर बेकर याने १९६३ मध्ये मांडलेला शिक्का मारण्याचा विचार वा सदरलँडची व्याख्या शिकवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या चौकटीतील क्षेत्रप्रकल्पासाठी जिल्हा न्यायालयातील खुल्या कामकाजाचे निरीक्षण, ग्रामसभेच्या वनव्यवस्थापनाची माहिती आणि प्रकाशित गुन्हेविषयक आकडेवारीचे वाचन हे विषय योग्य ठरतील. आरोपी वा पीडित यांच्या घरी विद्यार्थ्यांना पाठविणे मात्र सर्वथा टाळावे. लहान गावात नाव न लिहिताही माणूस ओळखला जातो.

निष्कर्ष

या जिल्ह्यांतील पदवीच्या वर्गात पोलीस व वनरक्षक भरतीची तयारी करणारे विद्यार्थी असतात आणि त्याच बाकांवर मोहफूल, तेंदूपान व बांबू यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांतील मुले-मुलीही असतात. पुष्कळदा ते दोन्ही एकच असतात. उद्या यांच्यापैकी कोणी ठाण्यात तक्रार लिहून घेईल, कोणी वननाक्यावर मोळी अडवील. समोरच्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी आपण काय गृहीत धरले आहे, हे तपासण्याची सवय त्याला पदवीच्या तीन-चार वर्षांत लागली नाही, तर पुढे ती लावणारी दुसरी जागा सहसा मिळत नाही. गुन्हेगाराचे प्रकार पाठ करून ही सवय लागत नाही. ती गुन्ह्याच्या कायदेशीर घडणीच्या अभ्यासातून लागू शकते, आणि त्या अभ्यासाची साधने या दोन जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासात विपुल उपलब्ध आहेत. अभ्यासमंडळांनी त्यांची दखल घ्यावी, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.